मामाजींची घडी मी लिलावात काढली

लिलावाचं मला कोणी शिकवू नये, असं मी त्या काळी दिवसातून एकदा तरी म्हणायचो. चांद्याजवळच्या लाकडाच्या सरकारी डेपोत मी बाबू होतो. सागवानाच्या थप्प्या लागायच्या, बाहेरगावचे व्यापारी यायचे, साहेब बोली पुकारायचे आणि साहेबांच्या बाजूला रजिस्टर उघडून मी बसायचो. कोणता व्यापारी कान खाजवतो म्हणजे अजून चढणार आहे आणि कोणता मध्येच चहा मागवतो म्हणजे त्याचा दम संपला, हे मला मान वर न करता कळायचं. असे कितीतरी हंगाम काढल्यावर चांद्यात सायबर कॅफे उघडले, आणि तिथे कॉम्प्युटरवर जुन्या घड्यांचे लिलाव होतात असं ऐकलं, तेव्हा मी म्हटलं, चला बावा, आपल्या खात्यातलं काम निघालं.

एक आधीच सांगून ठेवतो. लिहिताना माझा हात ‘मला’ लिहितो, पण तोंड उघडलं की ‘मले’ निघतं. नोकरीनं हात सुधारला, जीभ काही सुधारली नाही. आणि मनगटावर असते ती घडी, भिंतीवर असतं ते घड्याळ. आमच्याकडे असंच आहे.

सुरुवात अहेरीच्या आठवडी बाजारातून झाली. माझी सासुरवाडी त्या बाजूची. बाजारात एक जण पोत्यावर जुन्या कुलुपांसोबत चार चावीच्या घड्या मांडून बसला होता. चावीची म्हणजे बॅटरी नसलेली, रोज चावी दिली तरच चालणारी. त्यातली एक मी उगाच घेतली. कॅफेवाल्यानं ती साइटवर टाकून दिली आणि आठव्या दिवशी बंगलोरच्या कोण्या इंजिनिअरनं उचलली. आमच्याकडे जी घडी फुकट दिली असती तरी माणूस ‘राहू दे तुझ्याजवळच’ म्हणाला असता, तिच्यासाठी तिकडे दोन शिकलेली माणसं भांडली होती. माझ्या डोक्यात हवाच गेली.

मग दर रविवारी मी बाजार पालथे घालायला लागलो. अहेरी, मूल, गोंडपिपरी, जिथे एस.टी. जाईल तिथे. पारावर बसलेले म्हातारे दिसले की मी जवळ जाऊन विचारायचो, “जुनी घडी आहे का जी घरी?” लोकांना वाटायचं सरकारनं काही मोजणी काढली आहे. मूलच्या बाजूला एका बाईनं मला सरळच विचारलं, “जुनी देली तं सरकार नवी देते का?”

“नाई बाई, अशी काई योजना नाई.”

“मंग कायले उन्हाचे फिरता? पाणी प्या अन् घरी जा.”

तिचं ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शहाणपण सांगणाऱ्याचं ऐकायचं नसतं, हा आमच्या खानदानाचा नियम आहे.

इंटरनेटवरचा हा धंदा म्हणजे निव्वळ डोक्याला ताप होता. पहिली गोष्ट फोटोची. डिजिटल कॅमेरा चांद्यात तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफरकडे होता, माझ्याकडे कुठून येणार? कॅफेत कागदपत्रांचा स्कॅनर होता. मी घड्या त्याच्या काचेवर पालथ्या झोपवायचो, वरून कॅफेवाल्याचा काळा रुमाल टाकायचो आणि बटन दाबायचो. जे चित्र निघायचं ते पाहून मुंबईच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, हा घड्याळाचा फोटो आहे की एक्स-रे?

दुसरी गोष्ट प्रश्नांची. दिवसातून किती सेकंद पुढे जाते, किती मागे पडते? अरे बापा, आमच्या इथी सकाळची बस दुपारी येते, अन् तुले सेकंद पायजेत? पण असं लिहिता येत नाही. मी ऑफिसच्या इंग्रजीत लिहायचो की सदर घडीची चाल समाधानकारक आहे.

आणि विकणं परवडलं, पण घेणं नको. एकदा एक सोनेरी घडी मी दूरच्या शहरातून बोली लावून जिंकली. वर्णनात लिहिलं होतं, मशीन तपासलेलं नाही. पार्सल आलं, डबी उघडली, तर तपासायला आत मशीनच नव्हतं. मी चिडून पत्र लिहिलं. उत्तर आलं, मशीन आहे असं मी कुठे म्हटलं होतं? मी पुन्हा वाचून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मीही वर्णनं जपून लिहायला शिकलो, म्हणजे खोटं कसं लिहायचं ते शिकलो.

घड्या दुरुस्तीला मी चाचांकडे द्यायचो. जटपुरा गेटजवळ त्यांची एक माणूस बसेल एवढी काचेची टपरी होती. डोळ्यावर भिंग, पुढ्यात चिमटे, आणि बाजूला बिस्किटांचे पत्र्याचे डबे, त्यात मेलेल्या घड्यांचे हातपाय भरलेले. चाचांचा एकच हट्ट होता. टपरीतून घडी गेली तर चकचकीत होऊनच जाईल. काच घासायचे, डायल उजळायचे, केसला पॉलिश मारायचे. पाहुणे पोरगी पाहायला येणार आणि आपण तिला तेल-वेणी न करता समोर बसवायची, हे त्यांना पटतच नव्हतं.

पण जुन्या घड्यांच्या शौकिनांना मळ पाहिजे असतो. पिवळी पडलेली डायल, गंजाचे ठिपके, तीस वर्षांचा घाम. ह्या मळाला तिकडे इंग्रजीत एक मोठं नाव आहे आणि त्याचे वेगळे पैसे मिळतात. एका गिऱ्हाइकानं मला लिहिलं की तुम्ही ही डायल पुसून घड्याळाचा खून केला आहे. मी चाचांना सांगितलं, “चाचा, मळ नोका काढत जाऊ.”

चाचांनी भिंग कपाळावर चढवलं. “बाबू, मैल का भी पैसा देते क्या लोग?”

“देते ना.”

“तो फिर मुझे क्यों देता तू? घर में ही रख, अपने आप चढेगा.”

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. येताना अंगावर काटा येतो, पण येतो.

माझं लग्न नव्वद सालानंतर लगेचच झालं. नवरदेवाला सासऱ्याकडून घडी, ही तेव्हाची रीत. माझ्या डेपोतल्या सगळ्यांना बॅटरीच्या, बारीक, सोनेरी पट्ट्याच्या घड्या मिळाल्या होत्या. मला मामाजींनी चावीची दिली. मामाजी म्हणजे माझे सासरे, धानाची शेती करणारे. वाचता येत नव्हतं, पण मतं पक्की. ते म्हणाले होते, “जे घडीले हात लावाचं कामच नाई, ते कायची घडी? चावी देली म्हंजे तिले बी समजते का घरचा माणूस आहे.” पांढरी डायल आणि तिच्यावर मराठी आकडे. एक ते बारा, आपल्या शाळेच्या पाटीवर असतात तसे. जावई सरकारी बाबू आहे, मराठीत लिहितो, म्हणून त्यांनी चांद्याच्या दुकानात तशीच मागून घेतली होती.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामाजी कसले! घडी घेऊन ते भांड्याच्या दुकानात गेले. स्टीलच्या ताटवाटीवर नाव घालायचं ते घर्र घर्र करणारं मशीन असतं ना, त्यानं घडीच्या पाठीवर कोरून घेतलं. वर माझं नाव, खाली ‘सासऱ्याकडून सप्रेम भेट’, आणि लग्नाची तारीख. अक्षर अगदी पंगतीतल्या गिलासावर असतं तसं. डेपोत सगळे मला विचारायचे, बाबू, घडीसोबत वाटी पण भेटली का?

मी ती घडी फक्त सासरी जाताना घालायचो. घालावीच लागायची. जेवण झालं की मामाजी हात पुसून म्हणायचे, “जावईबापू, घडी द्या.” मग तिला पालथी करून पाठीवरून अंगठा फिरवायचे, सावकाश, एका एका अक्षरावरून. मग चावी द्यायचे, कानाला लावायचे आणि परत करायचे. दर वेळेस हेच. मला वाटायचं, दिलेल्या वस्तूची तपासणी चालली आहे, सरकारी ऑडिटसारखी.

तर ही घडी पट्टा तुटून दोन वर्षं कपाटात पडली होती. एकदा पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं मला लिहिलं की मराठी आकड्यांची डायल असलेलं घड्याळ मिळेल का? मी कपाट उघडलं. अहेरीचा बाजार फिरून परत यायचो, पण मामाजींकडे जाणं दोन वर्षांत झालं नव्हतं, बायको एकटीच जाऊन यायची. म्हटलं, पुढचं पुढे पाहू. खरं सांगतो, मला तेव्हा पैशाची काही अडचण नव्हती. एका पुणेकरानं मला ‘आपल्यासारख्या जाणकारांनी’ असं लिहिलं होतं, तेवढ्यावर मी फुगलो होतो.

कोरलेलं नाव असलं की शौकीन घडीला हात लावत नाहीत. म्हणून चाचांना घडी देऊन मी सांगितलं, “पाठ घासून साफ करून टाका.” चाचांनी पाठ वाचली. मराठी त्यांना सरळ वाचता यायचं. माझ्याकडे पाहिलं आणि घडी बिस्किटांच्या डब्यावर ठेवली. दोन दिवसांनी घडी दिली, पाठ गुळगुळीत. मी वर्णनात लिहिलं, शंभर टक्के ओरिजिनल. लिलाव झाला, घडी पुण्याला गेली.

आठवड्यात कॉम्प्युटरवर पुण्याचं पत्र आलं. रोमन अक्षरांत मराठी लिहायचा तो माणूस, तरी एक शुद्धलेखनाची चूक नाही. लिहिलं होतं, घड्याळाचं पाठीमागचं झाकण मूळचं नाही, ते दुसऱ्या घड्याळाचं आहे, आतला नंबर जुळत नाही. कृपया घड्याळ परत घ्यावं.

मला राग आला. घडी माझी, लग्नाची, माझ्या डोळ्यांदेखत आलेली, आणि हा तिकडे बसून मला सांगतो की झाकण बदललं आहे? मी पाच पत्रं लिहिली. डेपोत ठेकेदारांना नोटिसा लिहून हात बसलेलाच होता. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिसऱ्या पत्रात लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्यानं मध्ये एकदा शांतपणे समजावलं होतं, की मी केवळ संग्राहक आहे, मी कोणत्याही घड्याळाला चावी देत नाही, चावी दिली की आतले भाग झिजतात. माझी सगळी घड्याळं खणात दहा वाजून दहा मिनिटांवर उभी आहेत, मला फक्त सगळे भाग मूळचे हवेत. मी त्यालाही उत्तर दिलं, की मग खणात ठेवा, पाठ कोणाला दिसते? शेवटी साइटवाल्यांनी त्याची तक्रार बंद केली. मी जिंकलो. त्यानं माझ्या नावापुढे लाल शेरा मारला, ‘अप्रामाणिक विक्रेता’, आणि गप्प झाला. मी कॅफेत सगळ्यांना चहा पाजला.

ते वर्ष धोंड्याच्या महिन्याचं होतं. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात. मामाजींचा निरोप आला. बायकोनं मला पोळ्या लाटता लाटता सांगितला. “बाबा म्हणत होते, जावईबापूच्या घडीले दोन साल झाले चावी नाई देली. पट्टा टाकून घ्या तिले.”

मी ताटाकडे पाहत राहिलो. ती माझी बायको आहे, मला रजिस्टरसारखं वाचते. लाटणं थांबलं.

“इकली?”

मी मान हलवली.

“माझ्या बाबाची घडी इकली?” ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. पीठ लागलेला हात कमरेवर ठेवून म्हणाली, “मलेच टाकाचं होतं ना जी त्या कम्प्युटरवर. मी तं शंभर टक्के ओरिजिनल आहो.” मग पुन्हा पोळी लाटायला लागली. “मी नाई सांगत बाबाले. अन् घडीशिवाय तुमी तिथी येऊ नोका. आले तं तुमीच सांगा, माह्या तोंडून नाई निघत.”

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. आवाज पत्रासारखाच होता, स्वच्छ आणि थंड. मी म्हटलं, साहेब, घडी परत घेतो, तुमचंच खरं. तो म्हणाला, “आपला पत्रव्यवहार मी जपून ठेवला आहे. त्यात आपण म्हटलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मला ते तत्त्व पटलं. घड्याळ मी आता लिलावात टाकलं आहे, झाकणाविषयी खरी माहिती देऊन.”

“मंग मी बोली लावतो.”

“जरूर लावली असती आपण. पण मी आपल्याला बोली लावण्यास बंदी केली आहे.”

चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, तो शिरजोर मीच होतो, आता त्याचं फळ घेत होतो. कॅफेवाल्याला मी हातापाया पडून त्याच्या नावानं बोली लावायला तयार केलं. लिलाव रविवारी दुपारी संपणार होता. मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून अकरालाच जाऊन बसलो.

समोर एकच जण होता, बंगलोरचाच, पण पहिल्या घडीवाला इंजिनिअर नव्हे, दुसरा. त्याच्या नावावर क्लिक केलं तर दोनशे घड्यांची यादी निघाली. मी दहा रुपये चढवले, त्यानं दहा चढवले. मी थांबलो, वाट पाहिली, पुन्हा दहा. डेपोत असंच असतं. शहाणा व्यापारी आपला आकडा पोटात ठेवतो आणि थोडा थोडा चढतो. कॅफेवाला मागून म्हणाला, “भाऊ, शेवटी किती द्यायचे आहेत ते एकदाच टाकून द्या ना. कॉम्प्युटर आपला आपण चढवते.”

“आकडा आधीच सांगून देऊ? तू मले लिलाव शिकवतं?”

“टाइम संपून राह्यला भाऊ.”

“संपू दे. बोली चढून राह्यली तोवर लिलाव संपत नाई.”

हे मी अगदी मनापासून म्हटलं. आमच्या डेपोत बोली चढत असली तर साहेब जेवायलाही उठत नाहीत. एक बार म्हणतात, सगळ्यांकडे पाहतात. दो बार म्हणतात, आणि जो संपला आहे त्याच्याकडेही पुन्हा एकदा पाहतात. माणसाला विचार करायला जागा असते. मी बंगलोरवाल्याच्या दहा रुपयांनी पुढे होतो. पडद्यावर सेकंद उतरत होते. शेवटच्या पाच सेकंदांत त्याचा आकडा माझ्यावर चढला. मी शांतपणे पुढचे दहा टाइप केले आणि बटन दाबलं.

पडद्यावर आलं, लिलाव संपला आहे.

मी तसाच बसून राहिलो. मी ‘दो बार’ची वाट पाहत होतो. मग कॅफेवाल्याला म्हटलं, “अरे, सांग ना त्यायले, मी अजून बोलून राह्यलो.”

“कोणाले सांगू भाऊ?” तो म्हणाला. “तिथी कोणी नाई बसलं.”

पंधरा वर्षं दुसऱ्यांचे लिलाव लिहिले, आणि आपल्या घरच्या एका घडीचा लिलाव मला साधला नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मला रडायला येत होतं, खोटं कशाला सांगू. चाळिशी गाठलेला बाप्या, सायबर कॅफेच्या खुर्चीत, नाक पुसत बसला होता.

तिथून मी चाचांकडे गेलो. जायला दुसरी जागा नव्हती. सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं, मग बिस्किटांचा एक डबा उघडला, आत बोटं फिरवली आणि माझ्या तळहातावर एक गोल झाकण ठेवलं. माझं नाव. सासऱ्याकडून सप्रेम भेट. तारीख.

आधी मला आनंद झाला, आणि लगेच पुण्याला लिहिलेली पाच पत्रं डोळ्यांसमोर आली. “चाचा! म्हंजे तुमी झाकण बदलवलं होतं? तो माणूस खरं बोलून राह्यला होता अन् मी त्याले लबाड म्हटलं! माह्या नावावर लाल शेरा पडला!”

“देनेवाले का नाम घिसने का नाई, बाबू. मेरे उस्ताद ने मुझे पहले दिन ये बोला था. तू घासाले सांगितलं, मैंने दूसरी पाठ लगा दी.”

“मंग मले सांगाचं ना!”

“बोलता तो तू घिसने दूसरे के पास जाता.” त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. “और सौ टका ओरिजिनल मैंने लिखा क्या? तूने लिखा.”

तेल गेलं, तूप गेलं, हाती झाकण आलं. पण झाकण तरी आलं. ती घडी विकल्यावर मी बाजारांतून ज्या गोळा केल्या होत्या, त्यांत तशीच एक होती, त्याच मापाची, मराठी आकड्यांची, डायल जरा पिवळट. चाचांनी तिची पाठ काढली आणि माझी बसवली. पहिल्यांदाच त्यांनी डायलचा मळ काढला नाही. “दो साल में थोडा तो पीला होना मंगता,” म्हणाले. नवा पट्टा टाकला. पैसे घेतले नाहीत.

अहेरीच्या बसमध्ये मी तीन खोटी कारणं तयार केली. डायल पिवळी का, तर दमट हवा. आवाज वेगळा का, तर तेल घातलं. काटे बारीक का, तर आधीपासून असेच होते, मामाजी, तुमच्या लक्षात नाही. बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. आष्टी गेल्यावर तिनं एकदाच मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, “दिसते तं तशीच.” मला जरा धीर आला.

धोंडे जेवलो. मी जास्तच जेवलो, म्हणजे जेवण लवकर संपू नये. मामाजींनी हात पुसले आणि खाटेवर बसून हात पुढे केला. “जावईबापू, घडी द्या.”

दिली. त्यांनी ती पालथी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला, सावकाश, एका एका अक्षरावरून. चेहरा सैल झाला. मी मनातल्या मनात चाचांना सलाम केला. ह्या माणसानं डायलकडे कधी पाहिलंच नव्हतं, हे मला इतक्या वर्षांनी त्या दुपारी दिसलं. मग त्यांनी चावी दिली. कानाला लावली.

आणि लावूनच राहिले. बायको उठून आत गेली.

“मशीन ते नोहे,” मामाजी म्हणाले.

“तेल टाकलं ना मामाजी, म्हणून आवाज...”

“जावईबापू,” ते म्हणाले, आवाज चढवला नाही. “तुमची घडी मी चांद्यावरून मुठीत धरून आणली होती. खिशात नाई ठेवली, बसमंदी खिसे कापतेत म्हणून. चार घंटे मुठीत होती. तिची चाल मले समजत नाई का?”

तिन्ही कारणं तिथेच संपली. मी म्हटलं, “इकली मामाजी. मी इकली.” आणि सगळं सांगितलं, कॉम्प्युटर, पुणे, झाकण, बंगलोर. त्यांना निम्मंही कळलं नसेल. लाज वाटते म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं.

 मामाजींनी हातातल्या घडीला राहिलेली चावी पूर्ण दिली, एक फेरा न चुकता, जशी ती पण घरचीच आहे. माझ्या हातात देत म्हणाले, “पाठ तं तीच आहे. घाला.”

 दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला फाट्यावर सोडायला आले. पिशवीत तांदूळ बांधून दिला होता, तो त्यांनी स्वतः उचलला होता. बस दिसायला लागली तेव्हा त्यांनी मला जरा बाजूला घेतलं.

“एक इचारू का जी?”

“इचारा ना मामाजी.”

“तिथी, बंगलोरले. तो माणूस तिले चावी देते ना रोज?”

मला पुण्याचं ते चावी न देण्याचं पत्र आठवलं, आणि बंगलोरवाल्याची दोनशे घड्यांची यादी. दहा वाजून दहा मिनिटं. मी त्या धंद्यात कितीतरी खोटी वर्णनं लिहिली होती, पण असं खोटं कधी बोललो नव्हतो.

“देते मामाजी,” मी म्हटलं. “रोज सकाळी. चहाच्या आधी.”

त्यांनी मान हलवली. “मंग बरं आहे,” म्हणाले आणि तांदळाची पिशवी बसमध्ये चढवून दिली.

आलापल्ली सुटल्यावर मी मनगटावरची घडी काढली आणि मुठीत धरली. बायको पाहत होती. गोंडपिपरीपर्यंत तिनं पाहून घेतलं.

“पट्टा आहे ना जी तिले,” ती म्हणाली.

मी मूठ सोडली नाही. चांदा यायला अजून घंटाभर होता.